मशीनला चापट मारणारा ग्यानोबा

आमच्या किल्लारीत महादेवाच्या देवळातलं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, चापट खाल्ल्याशिवाय बोलायचं नाही. आणि चापटही कुणाचीही चालत नसे. सरपंचांनी मारली तरी ते मुकं. ग्यानोबानं डाव्या अंगाला, जरा वरून, एक ठेवून दिली की आवाज खणखणीत. एवढ्या एका कलेवर हा गडी वर्षानुवर्षं कीर्तनात बुवांच्या शेजारी, माइकजवळ बसत आला. घरात बायको, तुळजाबाई, त्याला हिंग लावून विचारत नाही. पण सप्ताहात बुवांनंतर हार पडायचा तो ग्यानोबाच्या गळ्यात. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा ऐन सप्ताहात मशीन त्याच्या चापटीलाही दाद देईना. देवळाचे पंच वीरण्णा म्हणाले, "महानंदाकडं न्या." महानंदा चौकात रेडिओ, मशीन दुरुस्त करते. ग्यानोबा मशीन पोटाशी धरून निघाला, मागोमाग मी.

तिनं झाकण उघडून एक तार चिमट्यानं हलवली. तार डुगडुगली.

"तारेच्या सांध्याचा डाख वरवर बसलाय. खाली मळ हाय, धरलंच न्हाई. तुमच्या चापटीनं तार टेकायची, एवढंच."

ग्यानोबाचा चेहरा पडला. "ताई, जरा ढिलं ठिवता येईल का? लई न्हाई. एका चापटीपुरतं."

"काका, सैल काम माझ्या हातून होत न्हाई."

तिनं जुना डाख काढला, तार खरवडून चकचकीत केली, तार आणि ती जिथं टेकायची ती पट्टी, दोन्ही तापवून नवा डाख त्यात वितळू दिला. तो थंड होईस्तोवर ग्यानोबाला फुंकरही मारू दिली नाही. मग तार ओढून पाहिली. पक्की.

संध्याकाळी कीर्तनात मशीन झकास बोलत होतं. ग्यानोबा सवयीनं हात सरसावून बसला. बराच वेळ वाट पाहिली आणि रिकामं बसून बसून त्याचा डोळा लागला. आजवर धास्तीनं तो कीर्तनात कधी झोपला नव्हता. आता घोरायला लागला, आणि माइक तोंडाशी! ते घोरणं पार साखर कारखान्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात, जरासुद्धा खरखर न होता. हसू आवरेना म्हणून बुवांनी कीर्तन थांबवलं.

ग्यानोबा दचकून जागा झाला. लाजेनं चूर होऊन उठला. "आता माझं हितं काय काम," म्हणत चपला शोधायला लागला. मला फार वाईट वाटलं.

वीरण्णांनी त्याचा हात धरला. "गरज सरो नि वैद्य मरो, असं आपल्या गावात चालत न्हाई. बस खाली!"

ग्यानोबा डोळे पुसत बसला. बुवांनी माइक तेवढा हातभर लांब ओढून घेतला.