दोन दुकानं आणि अप्पांचा ट्रक

शुगरमुळं अप्पांच्या उजव्या पायाची जाणीव गेली. पाय ब्रेकवर आहे की नाही, हे खाली बघितल्याशिवाय त्यांना कळेना. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि अप्पांनी ते चक्क ऐकलं. ट्रक विकला. पण घरात त्यांना बसवेना. सकाळी उठून जळकोटच्या हायवेवर टायरवाल्याच्या दुकानात जायचे, थोड्या वेळात परत यायचे, चहा अर्धा टाकून पुन्हा बाहेर पडायचे.

"अवो, एका जागी बसा की," आई म्हणायची. "बघून मलाच गरगरायलंय."

मी तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत होते. कॉलेजपासून गेम खेळायची सवय. ट्रक चालवायचा एक गेम मला माहीत होता. त्यात परदेशातले रस्ते होते, पण कुणीतरी आपल्याकडचा नकाशा बनवून फुकट ठेवला होता. तो टाकला की आपले धाबे, आपले टोलनाके, मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेले ट्रक. मला वाटलं, हेच. अप्पांना त्यांचा रस्ता घरात आणून द्यायचा.

गेम दोन ऑनलाइन दुकानांत मिळत होता. एका मोठ्या दुकानात असे नकाशे, गाड्या, हॉर्न सगळं तिथंच. एक बटण दाबलं की आपोआप बसतं. दुसरं दुकान लहान. ते गेमची पूर्ण फाइल आपल्या हातात देतं, मग नेट असो नसो, दुकान राहो न राहो. पण नकाशा आपणच शोधायचा आणि आपल्या हातानं फोल्डरमध्ये टाकायचा. मी दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडून बसायचे. लोकांची मतं वाचायचे. एक जण लिहायचा, मोठ्या दुकानाशिवाय दुसरीकडं जाऊच नका. त्याच्याच खाली दुसरा त्याला मूर्ख ठरवायचा. घ्यायचं ठरवायचे, पैसे भरायच्या पानापर्यंत जायचे आणि मागं यायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा तेच डोक्यात.

शेवटी मोठ्या दुकानातून घेतला. एक बटण, आणि नकाशा बसला.

अप्पा घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीच्या टोकावर बसले. गिअर, ब्रेक, सगळं हातातल्या रिमोटवर असल्यामुळं पायाचं काही कामच नव्हतं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसे ते एकदम ताठ झाले.

"इंजनचा आवाज बरा काढलाय," ते म्हणाले. मग जरा पुढं गेल्यावर, "पर ह्यो उतार हितं न्हाय. हैदराबादकडं जाताना उतार नंतर लागतो."

"अप्पा, गेम आहे हो. थोडं इकडंतिकडं असणारच."

"व्हय, व्हय," म्हणाले आणि चालवत राहिले. रोज थोडा वेळ बसायचे. टायरवाल्याकडच्या चकरा कमी झाल्या. मी खूश होते.

मग एका सकाळी त्यांनी हाक मारली. पडद्यावर ट्रक भलत्याच परदेशी गावात उभा. दुकानानं रात्रीत गेम आपोआप नवा करून ठेवला होता आणि जुना नकाशा त्याला चालेना. धाबे गेले, टोलनाके गेले. नकाशा बनवणाऱ्यानं लिहून ठेवलं होतं, वेळ लागेल, थांबा.

मला थांबवेना. लहान दुकानातून घेतला असता तर गेम माझ्याकडं होता तसाच राहिला असता, हेच मनात घोळत राहिलं. आधी जुना गेम परत मिळतो का ते शोधलं. मग पैसे परत मिळतात का ते बघितलं. खूप खेळून झाल्यामुळं मिळेनात. शेवटी तोच गेम लहान दुकानातून पुन्हा विकत घेतला, ह्या वेळी माझ्या लॅपटॉपवर. नेट मध्येच जायचं, डाउनलोड अडकायचं. नकाशाच्या फायली एका ठरावीक क्रमानं लावाव्या लागत होत्या. एक मागंपुढं झाली की गेम धाडकन बंद. आई जेवायला बोलवायची आणि मी "आलेच" म्हणून तिथंच. ह्या सगळ्या दिवसांत अप्पा दुसऱ्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर मोडकाच गेम घेऊन बसलेले असायचे. मी लक्ष दिलं नाही.

नकाशा एकदाचा बसला. मी धावत त्यांना बोलवायला गेले. पडद्यावर बर्फ पडत होता. दोन्ही बाजूला काळी उंच झाडं, आणि अप्पा अगदी सावकाश वळण घेत होते.

"अप्पा, चला. तुमचा रस्ता परत आणला. आता कुणी तो बदलू शकत नाही."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर लावून.

"ऱ्हाऊ दे की तो."

"का? चुकीचा होता म्हणून? उतार नीट करणारा दुसरा नकाशाही आहे. मी बघितलाय."

"चुकीचं काय न्हाय, बाई." ते पडद्याकडंच बघत होते. "त्या रोडवर माझी हयात गेली. आता हितं बी तोच हाकायचा व्हय? हिकडं बघ. कुठलं गाव, कुठला मुलुख, काय ठावं न्हाय. पुढच्या वळणाला काय लागतंय ते बी ठावं न्हाय. लई बरं वाटतंय."

मला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. मी दारातच उभी राहिले. बसावं की जावं ठरेना. त्यांनी इंडिकेटर बंद केला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी मला ऑफिसला पुण्याला जायचं होतं. पिशवी खांद्याला लावून निघाले तर अप्पांची हाक आली.

"ये, ये लवकर. गाडी जहाजात चढवायलोय."

"माझी एसटी जाईल अप्पा."

"जाऊ दे. दुसरी येतीया."

पलीकडच्या देशात जायला ट्रक बोटीत घालायचा होता. आयुष्यात त्यांनी असं कधी केलेलं नव्हतं. आईही पीठ लागलेल्या हातानं येऊन उभी राहिली. अप्पांनी ट्रक अगदी हळू, इंच इंच पुढं घेतला. ठरलेल्या जागी थांबले. बटण दाबलं.

पडदा काळा झाला. क्षणभरात उजेड आला आणि ट्रक पलीकडच्या किनाऱ्यावर उभा.

अप्पा थोडा वेळ वाट बघत राहिले.

"समुद्र दाखवलाच न्हाय की," ते म्हणाले.

आई हसायला लागली. अप्पांनी पहिला गिअर टाकला. मी पिशवी खांद्यावरून न उतरवता त्यांच्या खुर्चीला धरून उभीच राहिले. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी.