माहेरचा रकाना

"माहेरचं नाव?"

चष्मा कपाळावर सरकवून बाई हे विचारायच्या आणि समोरची गडबडून जायची. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात नाव नोंदवायला आलेली बाई आधीच अर्धी मेलेली असते. नवऱ्याचं नाव सांगून झालं, पत्ता सांगून झाला, मग आता माहेर कशाला? लालबागची एक मालवणी बाई एकदा भडकलीच. "म्हायार कित्याक व्हया तुमका? हयसर काय मंगळागौर आसा?" बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "सांग गं," म्हणाल्या, "आणि आईचं माहेरही सांग."

सगळं इस्पितळ त्यांना नुसतं बाई म्हणायचं, तर मीही इथं तेवढंच म्हणते. त्या पन्नाशीला टेकलेल्या, गिरगावात राहणाऱ्या. मी बाविशीची, घोडपदेवच्या चाळीतून चालत कामावर येणारी. नोंदणीच्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. दिवसभर तीच गर्दी, तीच रडारड. संध्याकाळी घरी गेलं की कुणाशी बोलू नये असं वाटायचं. बाईंना तसं वाटत नसावं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

तुमच्याही घरात झालं असेल, म्हणून फार समजावून सांगत नाही. लग्नात मुलीचं आडनाव जातं, वर ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात. कालची कुसुम आज सुमती होते. घरात त्याचं कौतुक होतं, पण इस्पितळाच्या कार्डांवर दोन सख्ख्या बहिणी दोन परक्या बायका होऊन बसतात. म्हणून बाईंनी छापील कार्डावर स्वतःच्या हातानं एक रकाना आखला होता. माहेरचं नाव, गाव, आईचं माहेर. वरिष्ठांनी एक-दोनदा हटकलं, मग नाद सोडला.

महिन्या-दोन महिन्यांनी बाई दोन जुनी कार्डं शेजारी ठेवायच्या. "बघ, ही आणि ही एका आईच्या. आईही ह्याच दुखण्यानं गेलेली." कार्डं घेऊन त्या डॉक्टरांकडे जायच्या. मोठे डॉक्टर म्हणायचे, योगायोग. धाकटे म्हणायचे, "असं असतं काही घराण्यांत, बाई. परदेशात लिहिलंय काहींनी. पण ठाम सांगता येत नाही." बाई खोलीत येऊन पुटपुटायच्या, "योगायोग एकदा होतो." मग तिसऱ्या बहिणीला पोस्टकार्ड जायचं, एकदा येऊन दाखवून जा म्हणून.

बहुतेक जणी यायच्या नाहीत. नायगावची एक आली. तिची गाठ हरभऱ्याएवढी होती, वेळेवर निघाली. दर वर्षी तपासणीला आली की ती बाईंच्या टेबलावर आमसुलांची पुडी ठेवून जायची.

घरची मोठी माणसं मात्र बिनदिक्कत खोटं बोलायची. "पोरीची आज्जी? ती वाऱ्यानं गेली." घरात हे दुखणं आहे असं कळलं की मुलींना स्थळं यायची नाहीत, हे न कळण्याइतक्या आम्ही खुळ्या नव्हतो. बाई तेवढ्यापुरत्या कठोर व्हायच्या. "गेलेलीची अब्रू सांभाळताय. मागं राहिलेलीचं काय?" मग म्हातारे खाली बघत खरं सांगायचे.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. हरताळ पडला की ट्राम बंद. बाई गिरगावातून परळपर्यंत चालत यायच्या, घामानं निथळत. एकदा वाटेत मोर्चा लागला आणि कुणीतरी त्यांना विचारलं, "काय बाई, येताय ना शिवाजी पार्कला?" तर ह्या म्हणाल्या, "तुम्ही प्रांत जोडा, मी बायकांची माहेरं जोडते. बघू कुणाचं आधी होतंय."

बाईंच्या घरी एक भाची होती. तिची आई म्हणजे बाईंची धाकटी बहीण. ती गेली तेव्हा पोर चार वर्षांची. बाई स्वतः विधवा, लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परतलेल्या. त्यांनीच तिला वाढवलं. तिची आई ह्याच दुखण्यानं गेली होती, आजीही, आणि एक मावशीही. हे बाईंनी मला एकदा डबा खाताना सांगितलं, कार्ड वाचून दाखवावं तशा आवाजात. मी विचारलं, "पोरीला ठाऊक आहे?" तर म्हणाल्या, "आई विषमज्वरानं गेली, एवढंच ठाऊक आहे. सांगणार आहे मी. मोठी होऊ दे."

ती मोठी झाली. दादरचं स्थळ आलं, चांगलं. बाईंना जवळचं कुणी नव्हतं म्हणून मुलगी दाखवण्याच्या दिवशी पोह्यांच्या बशा मीच फिरवल्या. मुलाचे वडील शाळामास्तर, माणूस सरळ. त्यांनी सहज विचारलं, "मुलीच्या मातोश्री कशानं वारल्या?"

मी दाराशी उभी होते. बाईंचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"विषमज्वरानं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर मी त्यांच्याशी बोलले नाही. मला रागच आला होता. दुपारी त्याच म्हणाल्या, "बोल काय ते." मी म्हटलं, "रोज म्हाताऱ्यांना दरडावता ते कशासाठी?" त्या शाईची दौत पुसायला लागल्या. "लग्न होऊ दे. पहिलं बाळंतपण होऊ दे. मग मी तिला समोर बसवून सांगते. ठरलं."

लग्नाला दोन महिने असताना एका हरताळाच्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." आम्ही चालत चालत शहरातल्या दुसऱ्याच एका इस्पितळात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. खिडकीवरच्या कारकुनाला बाईंनी नाव सांगितलं आणि मी चमकले. ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. बाईंची मॅट्रिक लग्नाआधीची, दाखला माहेरच्या नावाचा, म्हणून आमच्या मस्टरवर त्या माहेरच्याच नावानं होत्या. हे त्यांचं लग्नातलं नाव, दीड वर्ष वापरून ठेवून दिलेलं. त्या नावानं त्यांनी आपली गाठ नोंदवली.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बघितलंस? माहेर विचारलंच नाही त्यानं." आवाजात थोडा सुटकेचा भाव होता आणि थोडा त्या कारकुनाबद्दलचा तिरस्कार. मला रस्त्यातच रडू आलं. मी म्हटलं, "अहो बाई, आपल्याकडे चला. मोठे डॉक्टर आहेत, तुमचेच आहेत." त्या म्हणाल्या, "आपल्याकडे दुपारपर्यंत सगळ्या परळला कळेल, संध्याकाळी दादरला. लग्न मोडेल गं." शस्त्रक्रियाही त्यांनी लग्नानंतर बघू म्हणून पुढं ढकलली. ते दोन महिने किती महागात पडणार हे त्यांच्याइतकं आमच्या नोंदणीच्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मी गप्प बसले. आज म्हातारपणी मला त्याचीच जास्त बोच आहे. मला शपथ घातली होती, हे काही कारण नव्हे.

लग्न गिरगावात झालं. बाई शाल पांघरून बसल्या होत्या. नवऱ्यानं तांदळात नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही वाजवल्या, डावा हात जेमतेम उचलून.

पुढं दीड वर्ष त्या तग धरून राहिल्या. शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा. भाचीला संधिवात म्हणून सांगितलं. तिला मुलगी झाली. बाई बारशाला जाऊन आल्या. सोमवारी मी विचारलं, "सांगितलंत?" म्हणाल्या, "घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुढच्या महिन्यात जाते." पुढच्या महिन्यात त्या अंथरुणाला खिळल्या. भाची उशाशी बसलेली असायची आणि बाई तिला कपाटात कुठली साडी कुठं आहे ते सांगायच्या. मी गेले की माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्याचा अर्थ मी 'गप्प राहा' असा लावला. तसा नसेलही.

श्रावण लागायच्या आधी बाई गेल्या. त्यांची खुर्ची दोन महिने रिकामी होती. मग एक नवा मुलगा आला. त्यानं छापील कार्ड भरायला सुरुवात केली, जेवढं छापलं होतं तेवढंच.

त्या आठवड्यात मी दादरला गेले. भाचीच्या सासूबाई चहा देऊन तिथंच बसल्या. मी म्हटलं, बाईंच्या कामाचं थोडं बोलायचंय. त्या समजूतदार, आत गेल्या. मग मी भाचीला सांगितलं. आजी, आई, ती दुसरी मावशी, बाई. चौघींची नावं एकामागून एक, माहेरची.

ती रडली नाही. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती, ती हलायची थांबली. म्हणाली, "मावशी सगळ्या परळला विचारायची ना? मग मला एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

मी म्हटलं, "तुझं घर मोडेल म्हणून भ्यायल्या."

"आता मोडलं तर?"

ती उठली. आत जाऊन सासूबाईंना म्हणाली, "आई, हिला जरा घ्या." मुलगी त्यांच्याकडे दिली, दाराला कडी लावली आणि पदर काढून माझ्यासमोर उभी राहिली.

"कसं बघायचं ते दाखवा."

मी कारकून. नर्सबाई बायकांना दाखवत तेव्हा कार्ड घेऊन उभी राहायचे, तेवढीच माझी विद्या. तरी दाखवलं. बोटं सपाट ठेवायची, गोल फिरवत जायचं, काखेपर्यंत. तिच्या हाताला काही लागलं नाही. पुन्हा बघितलं, तरी काही लागलं नाही. सोमवारी डॉक्टरांना दाखवायला येते, म्हणाली.

दारापलीकडे मुलगी रडायला लागली होती. ब्लाऊजचे हुक लावता लावता ती थांबली.

"आणि हिला कधी सांगायचं?"

"लग्नाच्या आधी," मी म्हटलं.