गरजांचा पिरॅमिड आणि न दिलेला निरोप

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नाशिकला बी.एड. करत होते. माझ्या बाकावर सुरगाण्याकडची एक मुलगी बसायची. वसतिगृहात राहायची, दोनच साड्या आलटून पालटून नेसायची, आणि प्रत्येक सराव पाठात माझ्यापेक्षा जास्त गुण घ्यायची. ती शिकवायला लागली की पोरं गप्प ऐकायची. मला ते बघवत नसे.

एकदा मानसशास्त्राच्या सरांनी फळ्यावर गरजांचा पिरॅमिड काढला. तळाला अन्न-निवारा, मग सुरक्षितता, आपुलकी, मानसन्मान, आणि टोकाला स्वतःतलं सगळं फुलवणं. "खालची पायरी भरली की माणूस वर बघतो," सर म्हणाले. मला आतून बरं वाटलं. आमचं घर गंगापूर रोडला, वडील बँकेत. माझ्या खालच्या पायऱ्या कधीच भरलेल्या. मी मुद्दाम उभी राहिले.

"म्हणजे सर, ज्यांच्या घरी जेवणाचीच ओढाताण, ते टोकाला पोचणारच नाहीत ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी उपाशीपोटी पुस्तकं वाचलीत. भूक विसरायला नाय. पुढं काय झालं ते कळायला पाहिजे होतं म्हणून."

सर खूश झाले. या सिद्धांतावर हाच आक्षेप घेतला जातो, म्हणाले, आणि उरलेला तास तिच्याच वाक्यावर बोलले. मी नुसती जळत होते.

पुढच्या आठवड्यात तिचा पंचवटीतल्या शाळेतला पाठ ठरल्यापेक्षा तासभर आधी घ्यायचं ठरलं. तिला कळवायचा निरोप कॉलेजातून माझ्याकडे दिला होता. मी दिला नाही. ती पोचली तेव्हा पाठ तपासणाऱ्या बाई निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकातल्या बसस्टॉपवर तिने मला गाठलं. "तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाय?"

"तुझ्यासारखं शिकवता येत नाही मला. म्हणून."

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी प्रत्येक पाठाच्या आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात तीनदा शिकवून बघते. तुला यायचं तर ये."

मी बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. तिला पाठ पुन्हा मिळाला. आदल्या संध्याकाळी मीही त्या रिकाम्या वर्गात जाऊन बसले. पश्चात्ताप होता, पण त्याहून जास्त, ती नेमकं काय करते ते मला बघायचं होतं.

त्या पाठातही तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. मी तिचं अभिनंदन केलं, आणि घरी येऊन रडले.