पूर आलाच नव्हता

आम्ही गाव सोडलं तेव्हा बैलगाडी कोणी दिली नाही. भांडी डोक्यावर घेऊन सावली गावच्या एसटी थांब्यापर्यंत पायी गेलो आणि तुम्ही पारावर बसून बघत राहिलात. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. आमच्यासारख्या निघून आलेल्यांनीही वाचावं.

मयतीचा सांगावा गावोगाव पोचवायचा तो आमच्याच घराने, ही तुमची रीत. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तरी तुम्ही रीत सोडली नाही. पाटलाची आई वारली तेव्हा बाबा म्हणाले, "तुमच्या घरी फटफटी हाय, पोरं हायेत. मी काऊन जाऊ?" झालं. चक्कीवाला आमचं दळण घेईना, धानाच्या रोवणीला आईला कोणी बोलावीना. महिनाभरात गाव सुटलं. नागपूरला आल्यावर आईने बजावलं, "कोनी इचारलं तं पुरात घर गेलं म्हून सांगजो."

पुढे मी शिक्षिका झाले. माणसं गाव का सोडतात हे सनावळ्या घोकून मुलांना काय कळणार? म्हणून सहावीसाठी गोष्ट लिहिली: एक मुलगी, तिचे आईबाप, सुटलेलं गाव. मुख्याध्यापकांनी वाचली आणि म्हणाले, "बाई, कशाला जुनी मढी उकरता? दुसरं काही कारण घाला." मी भ्याले. आईचाच पूर घातला, वैनगंगा चांगली दुथडी भरून वाहवली.

वाचनाच्या दिवशी बाबांना मुद्दाम वर्गात नेलं. ते मागच्या बाकावर बसले. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या आणि बाबा उठले.

"पूर कुठी आल्ता, पोरी? आपल्याले मानसाइनं हाकललं, अन् तू नदीवर ढकलून राह्यली!"

 मुख्याध्यापक दारातच उभे होते. मी वही मिटली आणि सगळं तोंडीच सांगितलं: सांगावा, चक्की, पारावरचे तुम्ही.  मग एका मुलीने बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्हाला गावी जावंसं नाही वाटत?"

"कोनाकडे जाऊ, बेटा?" बाबा म्हणाले.

आता तुम्ही जत्रेचं बोलावणं पाठवता, 'आपलं गाव' म्हणून. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माझं घर त्या वर्गात आहे. तुम्ही काय केलंत, ते तिथे दरवर्षी नव्या पोरांना कळतं.