गच्चीवरून ऐकू आलेला समुद्र

भूतखेत, चकवा, संकेत असलं काही ऐकलं की मला हसू येतं. जन्मभर तारा जोडत आलोय... आवाज आला म्हणजे तो कुठून तरी आलाच, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण रफिकभाई गप्प बसू देत नाहीत.

रफिकभाईंचं गंगापूरला मोटार वाइंडिंगचं दुकान. माझ्यासारखेच हॅम — म्हणजे परवाना काढून हौसेखातर वायरलेसवर बोलणारे. मी, बायको सुनंदा आणि रफिकभाई असे कोचीहून बोटीने लक्षद्वीपला जाणार होतो. रफिकभाईंनी समुद्र कधी पाहिलेला नाही. ऐनवेळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्यांचं तिकीट रद्द. मी म्हटलं, "रेडिओवर ऐकवतो समुद्र." पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून फार वाईट वाटलं.

मग बोटीसाठी अँटेना बनवली. मासे पकडायची घडीची काठी, तिला उभी तार, खाली क्लॅम्प. बोटीच्या कठड्याचा रंग खरवडला तर कॅप्टन ओरडेल, म्हणून क्लॅम्पला सायकलच्या ट्यूबचे तुकडे. सिडकोतल्या आमच्या गच्चीवर सकाळी चाचणी घेतली; पलीकडे गंगापूरला रफिकभाई ऐकत होते.

"लई भारी येऊ राहिलं भाऊ! पण मागं पाणी कशाचं? टाकी भरू राहिली का?"

"कसली टाकी! आज नळाला पाणी यायचा दिवसच नाही."

"मग ह्या लाटा कशाच्या?... आन् वहिनींना सांगा, आधी परवाना काढा. मधीच वरडल्या, 'अहो, टोपी गेली!'"

परवाना नसलेल्याचा आवाज हवेत जाऊ द्यायचा नाही, हा आमच्यातला नियम, आणि रफिकभाई त्यात भलते कडक. पण सुनंदा तेव्हा दौलताबादला बहिणीकडे होती. आणि टोपी मी घालतच नाही! गुडघ्यासाठीच्या गोळ्यांचा असर असेल म्हणून मी सोडून दिलं.

बोटीवर कॅप्टनने परवानगी दिली. मागच्या डेकवर काठी उभी केली. गंगापूर लागेल का, याची धाकधूक होती... दुसऱ्याच हाकेला रफिकभाई! बोलायचं बटण दाबून मी माईक कठड्याबाहेर धरला. खाली लाटा आदळत होत्या. तेवढ्यात सुनंदाने कोचीत बळेच घेऊन दिलेली टोपी वाऱ्याने उचलली.

"अहो, टोपी गेली!" सुनंदा ओरडली.

बटण दाबलेलंच होतं. सोडलं, तर पलीकडे नुसतं हसू.

"आत्ता गेली व्हय? मी तर कवाच सांगितलं होतं!" मग ओल्या आवाजात, "वहिनींना परवाना माफ. दोनदा ऐकवला भाऊ तुम्ही मला समुद्र."

अंगावर काटा आला आणि हसूही आवरेना. गच्चीवरची गोष्ट मी सुनंदाला सांगितलीच नव्हती. घरी येऊन अँटेना पूर्ण खोलून बघितली — साधी तांब्याची तार. उत्तर अजून सापडलेलं नाही.

रफिकभाईंचा गुडघा आता बरा आहे. पुढच्या बोटीला ते येणार म्हणतात, पण तिकीट काढायच्या आधी एक हट्ट आहे. "गच्चीवर काठी लावा पुन्हा. मी इथं ऐकत बसतो... मागं माझा आवाज येतो का बघू. आला, तर समजायचं मी बोटीवर हाये."

काठी माळ्यावर आहे. रोज बघतो. अजून खाली काढायची हिंमत झालेली नाही.