अण्णांच्या स्कॅनचे एकेचाळीस तुकडे

वडिलांच्या छातीचा स्कॅन मी लिहिलेल्या प्रोग्राममधूनच डॉक्टरांकडे आला होता, हे मला केबिनमध्ये बसल्यावर कळलं. पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या छोट्याशा कंपनीचं चिन्ह होतं. डॉक्टर उजव्या फुप्फुसातल्या एका करड्या डागावर पेन टेकवून पुढच्या तपासण्या समजावत होते. मला एवढंच दिसत होतं की तो डाग करडा आहे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. स्कॅन सेंटरवाले मोठमोठ्या फाइली ईमेलला जोडून पाठवतात, आम्ही त्या डॉक्टरांपर्यंत पोचवतो. पूर्वी आमचा सर्व्हर अख्खी फाइल एकदम मेमरीत घ्यायचा, म्हणजे टँकरचं पाणी एका घागरीत भरायला जायचं. चार मोठे स्कॅन एकत्र आले की तो मान टाकायचा आणि शिव्या मी खायचो. म्हणून मी फाइल तुकड्यातुकड्यांनी आणायला लावली: एक तुकडा मागवायचा, डिस्कवर लिहायचा, मेमरी मोकळी करायची, मग पुढचा. चाचणीत एकदा मधलाच तुकडा गळला, तेव्हा फोटोत असाच करडा पट्टा उमटला होता. ती चूक मी दुरुस्त केली होती. केली होती ना? आता खात्री वाटेना.

दवाखान्यातून निघून आमचा ऑटो चामराजपेटकडे, म्हणजे घराकडे वळला. कित्येक पिढ्या इथं कन्नड मुलखात काढल्यामुळे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मराठीत कन्नड मुरलेलं आहे.

"काय म्हटला रे तो? स्वल्प नीट सांग."

इथं मी जीभ आवरायला हवी होती. "अण्णा, तो डाग कदाचित तुमच्या छातीत नसेलच. आमच्या सॉफ्टवेअरनं तुकडे जोडताना घोळ केला असेल."

अण्णांचा चेहरा खुलला. "सरी, सरी, ठीक आहे मग," म्हणत त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. घरी पोचताच आईला सांगून मोकळे झाले, आणि तिनं लगेच देवापुढे साखर ठेवली. गळलेल्या तुकड्यानं पट्टा उमटतो, असा गोल डाग नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. स्वतःला फसवताना मी त्या दोघांनाही बरोबर घेतलं, याची मला आजही लाज वाटते.

रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या फाइलीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. अण्णांनी कागद न वाचताच सही ठोकली. तो घेऊन मी जयनगरला ऑफिस गाठलं.

शेजारच्या टेबलावरची पुण्याची सहकारी माझी घालमेल बघत होती. "आपल्याच कोडमध्ये बग निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. स्कॅन कोणाचा ते मी सांगितलं, तेव्हा तिनं खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली.

मूळ ईमेल मेलबॉक्समध्ये शाबूत होता. त्यातला एकेक तुकडा आम्ही डिस्कवरच्या फाइलीशी ताडून पाहू लागलो. पहिला जुळला. दुसरा जुळला. एरवी पडद्यावर जुळल्याची हिरवी ओळ दिसली की मी चहाला उठतो. त्या दिवशी प्रत्येक ओळ मला कानाखाली बसत होती. माउस तिनं हातात घेतला. डागाचं चित्र सतराव्या तुकड्यात होतं. तो जुळला. मग मी शेवटच्या तुकड्यावर आशा धरली. तो नेहमी इतरांपेक्षा छोटा असतो, चुका हमखास तिथंच होतात. एकेचाळिसावाही जुळला.

"परत एकदा रन करूया का?" तिनं हळूच विचारलं. केलं. सेंटरला फोन करून त्यांच्या मशीनवरची मूळ फाइलही मागवून घेतली. तीही तंतोतंत तीच.

मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला अण्णांनी उचलला.

"सापडली का रे चूक?"

"नाही अण्णा. सगळे तुकडे बरोबर आहेत."

पलीकडे आई विचारत होती, काय म्हणतो, काय म्हणतो. अण्णांनी तिला थांब म्हटलं. मग खाकरले.

"म्हणजे तू काम चोख केलंयस म्हणायचं. सरी. तू स्वल्प खाऊन घे. आईला मी सांगतो."