नवरदेवाच्या गाडीपुढे

अमरावतीहून आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. नवरदेव तयार होता, बँडवाले परस्पर अकोल्याला पोचले होते, पण गाडी सजवणारा माणूस अजून बॉनेटवर गुलाब चिकटवत बसला होता. मी पुण्याचा, त्यामुळे वेळेवरून चिडायचा गुण माझ्यात जन्मजात आहे. पण पाहुणा असल्यामुळे एका कोपऱ्यात बसून गिला वडा (वर दही-चटणी घातलेला मऊ वडा) खात होतो. दुसरी प्लेट आली तेव्हा चिडायचं कारणही मी विसरलो.

लग्न रोहितचं, अकोल्यात. त्याचा थोरला भाऊ नितीन पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि बारा महिने मला वऱ्हाडाचं कौतुक ऐकवतो. मुलगी तेल्हाऱ्याची, वैष्णवी. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. मोर्शीला मामाची संत्र्याची बाग आहे, त्या मामाने तिला शिकवलं, वाढवलं. नितीनने हे वडे खातानाच मला सांगितलं होतं. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या मागे मामा उभा राहतो, आणि मुलीने तेव्हा मामानेच आणलेली पिवळी साडी नेसायची, अशी त्यांच्याकडे रीत. मामींचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या अमरावतीतच दवाखान्यात होत्या, म्हणून मामा आदल्या दिवशी जाऊ शकला नव्हता. सकाळी डॉक्टर येऊन गेले की तो निघणार होता.

निघताना नितीनचे काका प्रत्येक गाडीच्या खिडकीशी येऊन बजावून गेले. “नवरदेवाच्या गाडीपुढं कोनी जायाचं नाही. आन् मधात कोनाले घुसू देऊ नका. वरात तुटली नाई पायजे.”

सर्वांत पुढे नवरदेव, मग फोटोवाल्यांची जीप, मग बायका-म्हाताऱ्यांची बस, दोन मोटारी आणि शेवटी आम्ही. आमच्या मागच्या काचेवर थर्माकोलच्या अक्षरांत ‘रोहित–वैष्णवी’ चिकटवलेलं होतं. गाडी नितीन चालवत होता.

बडनेरा मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना कपाशी, बरीचशी वेचून झालेली, मधूनच तुरीचे पट्टे. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेल्यामुळे डांबर धुऊन निघालं होतं, पण कडेची काळी माती अजून ओलीच होती. चौपदरी, सरळ, देखणा रस्ता, आणि त्यावर आमची वरात उजव्या लेनने साठच्या आत चाललेली. फुलं उडू नयेत म्हणून हळू, आणि उजवीकडून का, तर त्याचं उत्तर नितीनकडे तयार होतं.

“डावीकडून मोटरसायकली उलट्या येतात ना बे. कापसाच्या ट्रॉल्या असतात, बकऱ्या असतात. उजवीकडे कसं निवांत असते.”

“अरे, पण उजवी लेन मागून पुढे जाणाऱ्यांसाठी सोडायची असते,” मी म्हणालो. हे प्रवचन मी द्रुतगती मार्गावर अनेकांना दिलेलं आहे.

“हे पुन्यात सांगजो,” नितीन म्हणाला, आणि मागे बसलेले त्याचे दोन मावसभाऊ खो खो हसले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. गरम मुंगवडे (मुगाच्या डाळीची भजी) आणि तळलेल्या मिरच्या. मिरची मी एकच खाल्ली आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोललो नाही. हॉटेलवाल्याने पाण्याचा जग माझ्यासमोर आणून ठेवला. “भाऊ, कुठले?” पुण्याचा म्हटल्यावर त्याने आणखी एक जग आणला.

त्या पांढऱ्या गाडीबद्दल आता सांगायचं आहे. मला लपाछपी खेळायची नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो की त्या गाडीत वैष्णवीचा मामा होता. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर फोटोवाल्यांना हुक्की आली. त्यांची जीप डाव्या लेनमध्ये जाऊन नवरदेवाच्या गाडीला समांतर धावू लागली. एकजण खिडकीतून अर्धा बाहेर येऊन कॅमेरा रोखून बसला. रोहितने गॉगल चढवला आणि हात बाहेर काढला. बसही डावीकडे सरकली, बायकांना नवरदेव बघायचा होता. झालं, दोन्ही लेन बंद! तेवढ्यात ती पांढरी गाडी आमच्या मागे आली. आधी तिने दिवे दाखवले, मग हॉर्न दिला, मग बराच वेळ नुसती मागे मागे चालत राहिली.

“जाऊ दे ना त्याला,” मी म्हणालो.

“कसा जाऊ देऊ? समोरच्या गाडीत काका हाये. आन् जाऊन जाऊन जाईन कुठं, दोन्हीकडून आपलेच हायेत.”

“नवरदेवाले ओव्हरटेक करून रायला का तो?” मागून एक मावसभाऊ म्हणाला. “हिंमत पाहा त्याची!”

मी मागे वळून पाहिलं. त्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी पन्नाशीचा एक माणूस होता. त्याने खिडकीतून हात काढून हलवला, बाजूला व्हा अशी खूण केली. खोटं कशाला बोलू, एव्हाना मलाही मजा यायला लागली होती. गाणी चालू होती, पोटात भजी होती, आणि वरातीत बसलं की माणूस वरातीचाच होतो. मीही हात हलवला, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा. गाडीत हशा पिकला.

बोरगाव मंजूच्या अलीकडे त्या गाडीने डावीकडून बसलाही ओलांडायचा प्रयत्न केला. डांबर सोडून ती कडेच्या मातीत उतरली आणि दोन्ही डावी चाकं वऱ्हाडच्या काळ्या मातीत रुतली. कोणाला लागलं नाही. मला आरशात दोन माणसं उतरताना दिसली. आपण थांबू या, असं मी म्हणालो. म्हणालो म्हणजे पुटपुटलो.

“वरात मधात थांबत नाई,” नितीन म्हणाला. “काढन कोनी ट्रॅक्टरवाला.”

अकोल्यात कार्यालयाच्या दारात पोट्टे (पोरं) मनसोक्त नाचले. काकाही नाचले. घामाने शर्ट भिजल्यावर आत आले आणि एकदम त्यांना मुहूर्त आठवला. मुलीकडचे लोक दाराकडे बघत घुटमळत होते. वैष्णवीच्या आईने हात जोडून सांगितलं, मामाची गाडी रस्त्यात फसली आहे, थोडं थांबा.

“मुहूर्त काय मामासाठी थांबते का?” काका म्हणाले.

मी नितीनकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आम्हा दोघांनाही त्या क्षणी कळलं होतं आणि दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. काय बोलणार होतो? पण काहीतरी बोलायला हवं होतं, हे मी आज लिहितानाही मनात घोळवतो आहे. वैष्णवीच्या मागे दूरच्या नात्यातले एक गृहस्थ उभे राहिले. तिने नेसलेली साडी हिरवी होती. अक्षता पडत असताना सगळे नवरा-नवरीकडे बघतात, ती मात्र दाराकडे बघत होती.

मामा आला तेव्हा पंगत बसली होती. गुडघ्यापर्यंत विजार चिखलाने माखलेली. पिशवी मात्र त्याने छातीशी धरली होती आणि तिच्यातली साडी कोरडी होती. वैष्णवी त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, चिखल लागू नये म्हणून हाताची पालथी बाजू फिरवली. मग तो आमच्याकडे आला आणि काकांपुढे हात जोडून उभा राहिला.

“उशीर झाला. पोरीच्या मामाले माफी करा.”

“असू द्या, असू द्या,” काका मोठ्या मनाने म्हणाले. “पन कार्य असलं का जरा लवकर निघावं लागते, मामासाहेब.”

“हो जी. चुकलंच माह्यं.”

पुढ्यात वांग्याची भाजी, वरण, बुंदी, सगळं होतं. वऱ्हाडी वांग्याच्या भाजीसाठी मी नितीनला वर्षभर छळलं होतं. मी नुसती बुंदी चिवडली आणि उठलो. हात धुवायला आम्ही दोघं मागच्या नळाशी गेलो तर मामा तिथे पाय धूत होता. मला बघून म्हणाला, “तुमीच हात हालवला होता ना?”

मी मान हलवली. नितीन म्हणाला, “मामा, आमाले माहीत नव्हतं हो. देवाशपथ माहीत नव्हतं.”

“मले माहीत होतं,” मामा म्हणाला. “तुमच्या काचेवर माह्या पोरीचं नाव होतं ना.”

नळ वाहत होता. मामानेच तो बंद केला.

“मंग फोन काहून नाई केला?” नितीनने विचारलं.

“बहिनीले केला. लग्नघर, तिले ऐकू नाई आला असंल. तुमचा नंबर कुठं होता माह्याकडं? ड्रायव्हर म्हने, गाडी आडवी घालून थांबवतो त्याइले. म्या म्हटलं नाई बाबा. मुलीकडचे हाओत आपन. वरात कशी अडवनार?” त्याने विजार पिळली. “एकच करा. पोरीले सांगू नका कोनाची वरात होती ते. तिले याच घरात नांदायचं हाय.”

आम्ही सांगितलं नाही. इथेही सगळी नावं बदलली आहेत. पुण्यात परतल्यावर लोकांनी वऱ्हाड कसं वाटलं विचारलं, तेव्हा मी गिला वड्याबद्दल बोललो, मिरचीची फजिती रंगवून सांगितली, लोक हसले. हायवेवर कुणी कसं वागावं यावर मी पूर्वी तासभर बोलू शकत असे. नियम मला तोंडपाठ होता आणि मूर्तिजापूरच्या पुढे तो माझ्या काही उपयोगाचा नव्हता, कारण पाळायचा तर चार हसणाऱ्या माणसांत वाईटपणा घ्यावा लागला असता. तेवढा मी घेतला नाही. एका माणसाला आयुष्यात एकदाच जिथे उभं राहायचं होतं, तिथे तो उभा राहिला नाही. हे काही परत करता येत नाही.

त्या दिवशी अमरावतीला परतताना नवरदेवाची गाडी नितीनने स्वतः चालवायला घेतली आणि मला शेजारी बसवलं. मागे रोहित आणि वैष्णवी. निघताना तिने मामाची पिवळी साडी नेसली होती. नितीन डाव्या लेनने चालला होता. काकांचा फोन आला, उजवीकडून चाल म्हणून. त्याने तो उचलून “हो” म्हटलं आणि डावीकडूनच चालत राहिला. मागून ज्याला जायचं तो जात होता.

अकोला मागे पडलं, दिवस कलला. मग वैष्णवी म्हणाली, “दादा, मामाची गाडी कुठं फसली होती? ती जागा आली का दाखवा ना मले.”

“मले काय माहीत,” नितीन म्हणाला. “तिकडल्या बाजूले असंल कुठंतरी.”

ती काचेला कपाळ टेकवून दुभाजकापलीकडची कड बघत राहिली. ती जागा मला नेमकी ठाऊक होती. ती आली तेव्हा मी समोर बघत होतो.